सांभाळणारी माणसे

मोहोपाड्यात 'कामगार' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो पाताळगंगेच्या काठचा कारखान्यातला माणूस. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली, रसायनीत तिचा कारखाना उभा राहिला, आणि आपल्या भाताच्या खाचरांशेजारी पाळीचे भोंगे वाजू लागले. तो कारखाना आता बंद पडला आहे. पण त्याच्यामागून आलेल्या कारखान्यांत आजही माणसे तीन पाळ्यांत राबतात. माझे आयुष्य त्यांच्या पगाराच्या, अपघाताच्या नि बडतर्फीच्या प्रकरणांत गेले. शाळेचे शिक्षण फारसे झाले नाही. जे काही वाचले ते कायद्याच्या पुस्तकांतून आणि रात्रपाळीच्या कँटीनमध्ये बसून. तेव्हा श्रोतेहो, आज मी ज्या कामगारांविषयी बोलणार आहे ते कारखान्यातले नाहीत हे ऐकून आपल्याला थोडे आश्चर्य वाटेल. ज्यांना स्वतःचे सगळे स्वतः करता येत नाही अशा दिव्यांग माणसांच्या सामायिक घरांत राहून किंवा येऊन-जाऊन जी माणसे त्यांना सांभाळतात, त्यांच्या कामाविषयी मला बोलायचे आहे.

सरकारी कागदात त्यांना 'काळजीवाहक' म्हणतात. घरातले रहिवासी त्यांना मावशी, मामा, ताई, दादा म्हणतात. आणि आपण, बाहेरचे लोक, त्यांना बहुधा काहीच म्हणत नाही, कारण आपल्या ते नजरेसच पडत नाहीत.

ही घरे कोणती?

'दिव्यांग' या शब्दाखाली फार वेगवेगळी माणसे येतात. १९९५ च्या कायद्याने सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. त्यांतले बहुतेक आपापल्या घरी राहतात, आणि त्यांना आईच सांभाळते. आई म्हातारी झाली की मग प्रश्न उभा राहतो. चाळिशीचा मुलगा, अंगाने पुरुष, समजुतीने सात-आठ वर्षांचा. आई सत्तरीची, गुडघे गेलेले. "आमच्यामागे याचे कोण?" हा प्रश्न मी कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या कामगारांच्या तोंडून ऐकला आहे. प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब चोख लागतो. या प्रश्नाचा लागत नाही.

याच प्रश्नातून निरनिराळी घरे निघाली. आपल्या कर्जत मार्गावरच बदलापूरला बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन 'आधार' ही संस्था उभारली. पालकांनी पालकांसाठी काढलेले घर, म्हणून तिचे महत्त्व. केंद्र सरकारने १९९९ साली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास स्थापन केला. त्याच्या योजनांत प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी 'घरौंदा' आहे आणि काळजीवाहकांना शिकवण्यासाठी 'सहयोगी' आहे. म्हणजे हे शिकण्याजोगे काम आहे, एवढे तरी सरकारने मान्य केले.

कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचे 'श्रद्धा' पुनर्वसन केंद्र आहे. १९८८ साली सुरू झालेले हे काम २००६ मध्ये कर्जतला आले. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा ते जगाला कळले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचे, बरे करायचे, आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातले गाव शोधून घरी पोहोचवायचे. पोहोचवायला केंद्राचा कार्यकर्ता सोबत जातो. डॉक्टरांच्या नावाने आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या वाजवाव्यातच. पण आगगाडीत दोन-दोन दिवस शेजारी बसून त्या माणसाला चहा-बिस्किट देणारा, त्याची गोळी वेळेवर देणारा, आणि गावच्या वेशीवर त्याच्या भावाला समजावणारा जो कोणी असतो, त्याचेही ते काम आहे.

ज्यांना परत जायला घरच उरले नाही त्यांचे काय? चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने २०१५ साली 'होम अगेन' नावाचा प्रयोग केला. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे पडून राहिलेली माणसे चार-पाच जणांच्या गटाने गावातल्या साध्या भाड्याच्या घरात राहू लागली. बाजारहाट, स्वयंपाक, शेजारपाजार, सगळे इतरांसारखे. मदतीला मात्र त्याच भागातली एक-दोन माणसे. हा प्रयोग पुढे आपल्या कोकणात, रत्नागिरीलाही आला. कुंपण नाही, पाटी नाही. अशा घरात भिंती काही करत नाहीत. जे होते ते सोबतच्या माणसाच्या हातून होते.

काम नेमके काय असते?

लोक समजतात की हे काम म्हणजे जेवू घालणे आणि लक्ष ठेवणे. मी अशा घरांत काम करणाऱ्या बायांशी नि पुरुषांशी बोलत आलो आहे. त्यांनी सांगितलेल्या दिवसातले थोडे सांगतो.

सकाळी उठवणे, शौचाला नेणे, दात घासणे, आंघोळ. अंथरुणातून चाकाच्या खुर्चीत बसवताना आधी खुर्चीचे ब्रेक लावायचे, गुडघ्यांत वाकायचे, पाठीत वाकायचे नाही. वजनदार माणसाला दोघांनीच उचलायचे. हे पाळले नाही तर उचलणाऱ्याची कंबर पाच वर्षांत कामातून जाते. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला ताठ बसवून लहान घास भरवायचा, पहिला गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, आणि जेवणानंतर लगेच आडवे करायचे नाही. घास श्वासनळीत गेला तर जीव जातो. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची दर दोन तासांनी बदलायची, रात्रीही. नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. फिट आली तर कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाला लावायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. डोक्याखाली मऊ काही सरकवायचे, कुशीवर वळवायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा.

हे झाले शरीराचे. याहून अवघड भाग पुढे आहे. एखादा रहिवासी बोलू शकत नाही. तो एके दिवशी भिंतीवर डोके आपटू लागतो. नवखा माणूस म्हणतो, "आज याला वेड लागले आहे." मुरलेली मावशी म्हणते, "याची दाढ बघा." आणि दाढ किडलेली निघते. न बोलणाऱ्याचे बोलणे ऐकणे हे या धंद्याचे कसब आहे. रसायनांच्या कारखान्यात जुना ऑपरेटर पंपाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो, तसेच हे. त्या ऑपरेटरला आपण कुशल कामगार म्हणतो आणि त्याप्रमाणे त्याची श्रेणी लावून घेतो. मावशीला कोणती श्रेणी आहे?

आणखी एक साम्य सांगतो. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला वहीत लिहून देतो: कोणता व्हॉल्व्ह बंद आहे, कोणत्या टाकीचे तापमान चढले आहे. ती नोंद चुकली तर स्फोट होतो. सांभाळणाऱ्यांच्या घरातही पाळीची वही लागते: कोणाची कोणती गोळी दिली, कोण जेवले नाही, कोणाला किती वाजता फिट आली, कोण दिवसभर गप्प होता. जिथे चोवीस तास एकच बाई आहे तिथे वही नसते, कारण सोपवायला दुसरे कोणीच नसते. मग सगळी नोंद तिच्या थकलेल्या डोक्यात राहते.

शर्टाचे बटण

आता मी ज्याला या कामाचा गाभा मानतो तो सांगतो. समजा, एका तरुणाला बोटांवर ताबा नाही, पण शर्टाची बटणे लावता येतात. त्याला दहा मिनिटे लागतात. मावशीने लावली तर अर्ध्या मिनिटात होतात. चांगली मावशी हात मागे बांधून दहा मिनिटे उभी राहते. अडले तरच एक बोट पुढे करते. कोणता शर्ट घालायचा, चहात साखर किती, टीव्हीवर काय पाहायचे, देवळात जायचे की नाही, हे सगळे तोच ठरवतो. त्याच्या खोलीत शिरताना ती दारावर टकटक करते, कारण ती त्याची खोली आहे. करून देणे सोपे असते. करू देणे अवघड असते आणि त्याला वेळ लागतो.

पण हा वेळ आणायचा कोठून? एका मावशीकडे पाच जण असतील तर ती दहा मिनिटे थांबू शकेल. पंधरा जण असतील तर ती सगळ्यांची बटणे भराभर लावील, सगळ्यांना एका रांगेत आंघोळ घालील, सगळ्यांचे केस एकसारखे कापवून घेईल. तिला दोष देऊ नका. ती दुष्ट झालेली नसते. तिच्या हाताशी मिनिटे नसतात. राहणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे माप काम करणाऱ्याच्या वेळेत असते. कायद्यात हक्क कितीही लिहिले तरी ते रोज सकाळी त्या दहा मिनिटांत वसूल व्हायचे असतात.

आता आम्हा युनियनवाल्यांचा आवडता हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे कामाचे तास ४८. एका जागेवर अहोरात्र एक माणूस जागा हवा असेल तर १६८ ला ४८ ने भागा: साडेतीन माणसे लागतात. सणावारी रजा, आजारपण, मुलाची परीक्षा धरली तर चार. म्हणजे सहा जणांच्या घरात दिवसा दोघे आणि रात्री एक जागा ठेवायचा असेल तर सहा-सात माणसांचा पट हवा. आणि मी पाहिलेल्या काही घरांत काय होते? 'निवासी' म्हणून एक जोडपे ठेवतात. राहायला खोली, जेवण, वर थोडे पैसे. हे जोडपे पहाटे पाचला उठते आणि रात्री कोणी ओरडले की पुन्हा उठते. हिशेबाच्या वहीत दोन माणसे. कामाच्या तासांत ती सात माणसांचे काम करतात. कापडगिरण्यांच्या काळात नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने गिरणी कामगाराला रविवारची सुटी १८९० साली मिळवून दिली. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या कित्येक मावश्यांना आजही सुटीचा ठरलेला वार नाही.

'सेवा' हा शब्द

याचे कारण एका चांगल्या शब्दात दडले आहे. तो शब्द 'सेवा'. आपल्या संतांच्या भूमीत त्याला फार मान आहे आणि त्याविषयी मलाही आदर आहे. पण व्यवहारात त्याचे काय होते ते पाहा. सेवा करणाऱ्याला 'पगार' देत नाहीत, 'मानधन' देतात. पगार कमी असेल तर भांडता येते. मानधन कमी आहे असे म्हणणे वाईट दिसते. जादा तासांचे पैसे मागितले तर "अहो, हे तुमचे घर समजा" असे उत्तर येते. आणि जी बाई हे ऐकून घेते ती आसपासच्या वाडीतली, नवरा गेलेली किंवा टाकलेली, दुसरे काम नसलेली असते. मलमूत्राचे काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले हे मी वेगळे सांगायला नको. तीच दृष्टी या कामाकडे पाहतानाही आपल्या डोळ्यांत असते.

सेवेच्या नावावर विसंबून राहण्यात दुसरा धोका आहे, आणि तो राहणाऱ्याला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या सरकारी संस्थेत चार हजारांची सोय असता सहा हजारांवर बौद्धिक दिव्यांग कोंबले होते. १९७२ साली दूरचित्रवाणीवर ते दृश्य लोकांनी पाहिले, खटला झाला, १९७५ साली न्यायालयात तडजोड ठरली, आणि माणसे वस्तीतल्या लहान घरांत जाऊ लागली. १९८७ साली विलोब्रुक बंद झाले. लांबचे कशाला, २०११ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात कळंबोलीला गतिमंद मुलींच्या एका आश्रमातील अत्याचार उघडकीस आले, आणि २०१३ साली न्यायालयाने चालकासह अनेकांना शिक्षा सुनावल्या. तो आश्रमही सेवेच्याच नावाने चालत होता.

फ्रान्समध्ये जाँ व्हानिए यांनी १९६४ साली दोन बौद्धिक दिव्यांग पुरुषांना सोबत घेऊन एका खेड्यात घर मांडले. त्यातून 'लार्श' ही चळवळ जगभर पसरली. १९७० साली बंगळूरलाही 'आशा निकेतन' निघाले. सोबत राहायचे, एका टेबलावर जेवायचे, हा विचार मोठाच होता. व्हानिएंना लोक संत मानत. २०१९ साली ते वारले, आणि २०२० साली त्यांच्याच संस्थेने करवलेल्या चौकशीत निष्पन्न झाले की त्यांनी काही स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. विचार खोटा ठरला नाही. पण माणूस कितीही मोठा असो, त्याच्या चांगुलपणावर घराची सुरक्षितता सोपवू नये, हे ठरले. तिला नियम लागतात, बाहेरची तपासणी लागते, आणि गैर दिसल्यावर नोकरी न गमावता ते बोलू शकेल असा कामगार लागतो. जिला उद्या हाकलून देता येते ती मावशी आज पाहिलेले बोलत नाही.

कायदा कोठवर पोहोचतो?

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा करार केला आणि भारताने तो २००७ साली मान्य केला. इतरांप्रमाणे समाजात राहण्याचा हक्क त्यात आहे. आपल्या २०१६ च्या कायद्यातही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर सरकारनेच अशी सामूहिक घरे पुरवावीत असे म्हटले. राहणाऱ्याचा कायदा अशा रीतीने पुढे गेला.

काम करणाऱ्याचा मात्र दोन पावले पुढे आणि एक मागे असा चालला आहे. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'उद्योग' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली की नफा न करणाऱ्या अनेक संस्थाही तीत आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि समाजसेवी संस्थांना 'उद्योगा'तून वगळले आहे. म्हणजे बडतर्फीविरुद्ध औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्याची जी वाट कारखान्यातल्या कामगाराला आहे, ती या मावशीला बंद होऊ पाहते. दुसरीकडे, वेतन संहितेने संघटित-असंघटित असा भेद न करता किमान वेतनाचा हक्क सांगितला आहे. 'मानधन' म्हटल्याने तो बुडत नाही, हे प्रत्येक संस्थाचालकाने आणि प्रत्येक मावशीने ध्यानात ठेवावे.

"अशा घरात युनियन?"

आपल्यापैकी काहींच्या मनात आलेच असेल, की हा गृहस्थ आता अशा घरांतही लाल बावटा लावणार आणि बिचाऱ्या मुलांना उपाशी ठेवून संप करणार. शंका रास्त आहे. माझे उत्तर असे. रसायनांच्या कारखान्यातही संपाच्या दिवशी भट्टी वाऱ्यावर सोडून कोणी निघून जात नाही; सुरक्षेपुरती माणसे आत राहतात. या घरांत तर राहणाऱ्याला वेठीला धरून काहीही मागता येणार नाही. तसे करील ती संघटना नव्हे. म्हणूनच इथे बोलण्याची दुसरी जागा हवी: संस्थाचालक, कामगार, पालक आणि स्वतः रहिवासी यांची एक समिती, दर महिन्याला बसणारी. रहिवासी कसा बोलणार, असे विचारू नका. कोणाच्या पाळीला तो हसतो आणि कोणाच्या पाळीला कोपऱ्यात जाऊन बसतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

आणि आमच्या बाजूचेही एक बंधन सांगतो. ज्याने रहिवाशावर हात उगारला त्याची रीतसर चौकशी होऊ द्या, त्याचे म्हणणे ऐकून घ्या. पण गुन्हा शाबित झाल्यावर त्याला पाठीशी घालायला युनियनने जाऊ नये. दुबळ्याला मारणाऱ्याला संरक्षण देऊन कामगारांची इभ्रत वाढत नाही.

आपण काय करावे?

आपल्याकडे वाढदिवसाला, पुण्यतिथीला अशा घरात एक वेळचे गोड जेवण देण्याची चाल आहे. हेतू चांगला असतो. पण एका महिन्यात दहा वाढदिवस आले तर त्या माणसांना दहा वेळा जिलबी मिळते, आणि रात्री कूस बदलायला येणारा माणूस मात्र एकही वाढत नाही. देणगी द्यायचीच असेल तर विचारा: रात्रपाळीला आणखी एक माणूस ठेवायला महिन्याला किती लागतील? चार कुटुंबांनी मिळून तेवढा वाटा वर्षभर उचलावा. त्याचा फोटो निघणार नाही, पण कोणाची पाठ शाबूत राहील.

आणि कधी अशा घरात गेलात तर चालकांना नम्रपणे चार गोष्टी विचारा. रात्री किती जण जागे असतात? काम करणाऱ्यांची सुटी कोणत्या वारी? पगाराची पावती मिळते का? आज घातलेले कपडे राहणाऱ्यांनी स्वतः निवडले का? चांगल्या चालकाला या प्रश्नांचा राग येत नाही. तो उलट आपल्या अडचणी सांगू लागतो, आणि अनुदान वेळेवर येत नाही हेही सांगतो. तेव्हा ती तक्रार त्याच्यासोबत संबंधित सरकारी विभागाकडे घेऊन जाणे हे आपल्यासारख्या नागरिकांचे काम आहे.

म्हातारपण आपल्यापैकी कोणालाही चुकलेले नाही, आणि अपघातही मोहोपाड्याला नवा नाही. उद्या आपल्यालाही कोणीतरी अंथरुणातून उठवणार आहे. तो माणूस दोन रात्रींचा जागा असावा की झोप घेऊन आलेला, त्याला घाई असावी की दहा मिनिटे थांबायची सवड, याचा निकाल आपण आज त्याच्या पगाराविषयी आणि कामाच्या तासांविषयी काय ठरवतो त्यावर लागणार आहे.